वाटी कुणाच्या हातात आहे?

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात बालमृत्यू झाले आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचा हा डोंगराळ कोपरा साऱ्या देशाला माहीत झाला. त्यानंतर काही वर्षांनी मी याच भागात एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत पर्यवेक्षिका म्हणून रुजू झाले. जव्हार, मोखाडा, मध्ये थोडा काळ विक्रमगड, असं माझं सगळं काम वारली, कोकणा, क ठाकूर, कातकरी पाड्यांवर झालं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. योजना आल्या, योजनांची नावं बदलली, रजिस्टरांच्या जागी मोबाइल आला. कुपोषण मात्र गेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी, २५.६ टक्के उंचीच्या मानानं बारीक आणि ३६.१ टक्के वयाच्या मानानं कमी वजनाची निघाली. आधीच्या फेरीतही आकडे जवळजवळ हेच होते. इतक्या जणींनी इतकी वर्षं राबूनही ते हलले नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आता निवृत्त आहे. नव्या अंगणवाडी सेविका आणि आशा फोन करून विचारतात, “ताई, घरभेटीला गेल्यावर बोलायचं काय?” त्यांच्यासाठी आणि ज्यांना या प्रश्नाची चाड आहे अशा प्रत्येकासाठी, अनुभवानं मला जे शिकवलं ते लिहिते.

१. जे मूल अंगणवाडीत दिसत नाही, काम तिथे आहे

अंगणवाडीत येतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं. ती गाणी म्हणतात, गरम खिचडी खातात, पाहुणे आले की नमस्कार करतात. पाहणी करणाऱ्याला मुलं म्हणून हीच दिसतात. पण कुपोषण सुरू होतं ते यांच्या धाकट्या भावंडाला, आणि ते घरी झोळीत असतं.

वाढीचा तक्ता नीट वाचला की हे लख्ख दिसतं. साधारण वजनाचं जन्मलेलं बाळ पाचव्या महिन्यापर्यंत वजन दुप्पट करतं आणि वर्षाचं होईस्तोवर तिप्पट. आमच्याकडच्या बाळांची रेघसुद्धा पहिले सहा महिने छान वर चढते, कारण पाड्यावरच्या आया अंगावर भरपूर पाजतात. त्याबाबतीत शहरानं त्यांच्याकडून शिकावं. सातव्या महिन्यात रेघ आडवी व्हायला लागते. नवव्या-दहाव्या महिन्यात ती हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात उतरते. दीड वर्षाचं होईपर्यंत जे गेलं ते पुढे अंगणवाडीच्या खिचडीनं फारसं भरून येत नाही, उंचीचं तर नाहीच.

म्हणून माझ्या सेविकांना मी एकच यादी मागायचे: या महिन्यात सहा महिने पूर्ण करणारी मुलं कोणती? पाड्यावर ती एक किंवा दोनच असतात. त्या आठवड्यात त्या घरी जायचंच. बाकी एखादी भेट राहिली तर चालेल, ही राहता कामा नये. आशाताईलाही तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांना घरभेट ठरवून दिलेली आहे. दोघींनी सहाव्या महिन्याची भेट जोडीनं केली तर घरात त्या बोलण्याला वजन येतं.

२. “किती दिलं” याच्या आधी “किती घट्ट दिलं” ते बघा

मोखाड्यातल्या एका पाड्यावरची गोष्ट. मूल नऊ महिन्यांचं, पिवळ्या पट्ट्यातलं. आजी म्हणाली, “वाटीभर पेज पितो ना बाय, उपाशी नाय ठेवत.” खरंच होतं ते. माझ्यासमोर तिनं वाटी भरून पेज पाजली, मुलानं सगळी संपवली आणि ढेकर दिला. मी त्याच पेजेत चमचा बुडवून तिरका केला. पेज पाण्यासारखी वाहून गेली, चमच्याला काहीच लागलं नाही.

आठ-नऊ महिन्यांच्या, सातेक किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिलिलिटर मावतं. तेवढी जागा पाण्यानं भरली की मूल तृप्त दिसतं आणि उपाशी राहतं. आईचं दूध चालू असताना सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्ष झाल्यावर ५५०. भाताची निवळ, डाळीच्या वरचं पाणी, पातळ नागलीची पेज यांतून तेवढं कधीच जात नाही, दिवसातून पाचदा पाजलं तरी नाही.

म्हणून सांगायचं ते असं: चमचा तिरका केल्यावर घास चटकन गळून पडता कामा नये. डाळीचं पाणी नको, डाळ कुस्करून द्या. आणि वाटीत एक चमचा कच्चं तेल घाला. एका चमच्यात साधारण ४५ कॅलरी असतात, म्हणजे आठ महिन्यांच्या बाळाच्या गरजेचा जवळजवळ पाव हिस्सा. गोडेतेल प्रत्येक घरात थोडंफार असतं. मूल खाईल तेवढ्याला चमचाभर काढून ठेवणं गरिबातल्या गरीब घरालाही जमतं, हे मी पाहिलंय.

पण आजीची भीती खरी असते. “घट्ट दिलं तर घशात अडकेल” असं ती म्हणते तेव्हा तिला अडाणी समजू नका. एखाद्या मुलाला ठसका लागलेला तिनं पाहिलेला असतो. यावर आमच्याच नागलीत उपाय आहे. नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, उन्हात कडकडीत वाळवायची, मोड चोळून काढायचे, जेमतेम भाजून दळायची. हे पीठ डब्यात भरून ठेवायचं. बाळासाठी पेज नेहमीपेक्षा दुप्पट पीठ घालून अगदी घट्ट शिजवायची, खाली उतरवून जरा निवू द्यायची आणि त्यात या मोडाच्या पिठाची चिमूट-दोन चिमूट घालून ढवळायची. बघता बघता गोळा सैल होतो, पाण्याचा थेंब न घालता. मोड येताना धान्यात जो पाचक रस तयार होतो तो पिठुळपणा मोडतो, म्हणून हे घडतं. पीठ फार भाजलं किंवा उकळत्या पेजेत टाकलं तर तो रस मरतो आणि काही होत नाही.

हे प्रात्यक्षिक मी चुलीपुढे बसून करायचे. ढवळता ढवळता पेज सैल होते तेव्हा बाया पुढे सरकून बघतात, आजी स्वतः चमचा हातात घेते. त्यानंतर मला काही सांगावं लागत नाही. कॅलरी या शब्दानं पाड्यावर कुणाचं मन वळलेलं मी पाहिलं नाही. सैल झालेल्या पेजेनं वळलेलं पाहिलंय.

३. आईला सांगून काम संपत नाही

आमच्या सगळ्या बैठका मातांच्या. माता मेळावा, माता बैठक, मातेचं समुपदेशन. आई समोर बसते, मान हलवते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रानात जाते. दिवसा मुलाच्या तोंडात घास घालते ती आजी, नाहीतर आठ-नऊ वर्षांची बहीण. तिला कुणी काही सांगितलेलं नसतं.

मुलाला भरवायला वेळ लागतो. वर्षाचं मूल एका घासाशी खेळतं, थुंकतं, मान फिरवतं, पुन्हा तोंड उघडतं. अर्धा-पाऊण तास कुणीतरी समोर बसायला हवं. अन्न घरात असूनही मूल वाळतं ते बऱ्याचदा या अर्ध्या तासाच्या अभावानं. बहीण स्वतःच मूल आहे. तिला खेळायचंय, शाळा आहे. ती चार घास भरवते आणि “नको म्हणतो” म्हणून वाटी खाली ठेवते.

म्हणून घरात गेल्यावर पहिला प्रश्न: काल दुपारी याला कुणी भरवलं? त्या माणसाशी बोलायचं. आजी असेल तर तिच्या अनुभवाला मान देऊन. तिनं पाच-सहा पोरं वाढवलेली असतात, तिला शिकवायला येणारी सेविका तिच्या सुनेच्या वयाची असते. “आजी, तुमच्या वेळी काय भरवायचात?” असं विचारलं की ती उडदाचं, कंदांचं, माशांच्या कालवणाचं बोलायला लागते आणि त्यातलं बरंचसं आजही कामाचं असतं. बहीण असेल तर तिला खाली बसवून वेगळ्या वाटीची सवय लावायची. बाळाची वाटी वेगळी हवी, असा आग्रह मी नेहमी धरला. घरच्यांच्या ताटातून खाणाऱ्या बाळानं किती खाल्लं हे कुणालाच कळत नाही. वेगळी वाटी असली की संध्याकाळी आई विचारू शकते, “वाटी संपली का?”

बापाचं काय? आठवडी बाजाराला पैसे घेऊन तो जातो. सुकट आणायची की नाही, तेल किती, अंडी विकायची की ठेवायची, हे तो ठरवतो. त्याच्याशी बोलण्याची सोय आमच्या कुठल्याच वेळापत्रकात नाही. बाजाराच्या दिवशी जीपची वाट पाहत नाक्यावर बसलेल्या बापांशी पाच मिनिटं बोलून जे होतं ते मेळाव्यात होत नाही. मुलाची वजनाची रेघ दाखवली की पुरुष गप्प होऊन ऐकतात.

घरपोच आहाराबद्दलही इथेच सांगते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलामागे रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असा त्याचा हिशेब असतो. तो शिधा घरात येतो आणि सगळ्यांच्या पोटात जातो. चार लेकरं असलेल्या घरात आई एकालाच वेगळं काढून देईल ही अपेक्षा मला कधी पटली नाही. तिला दोष देऊ नका. शिधा वाटताना बाळाच्या वाटीसाठी रोजचं माप कोणतं, ते घरातल्याच वाटीनं मोजून दाखवा. निदान बाळाचा वाटा आधी निघतो.

४. उत्तर पाड्यावरच असतं, शेजारच्या घरात

१९९० च्या सुमारास जेरी आणि मोनिक स्टर्निन हे दांपत्य व्हिएतनामच्या थान्ह होआ प्रांतात मुलांच्या कुपोषणावर काम करायला गेलं. हाताशी पैसा थोडा, वेळ त्याहून थोडा. त्यांनी गावातल्या बायांना घेऊन शोध घेतला: तितक्याच गरीब घरांतली कोणती मुलं चांगल्या वजनाची आहेत आणि त्यांच्या आया वेगळं काय करतात? त्या आया भातखाचरातली बारीक कोलंबी, खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या भातात घालत होत्या. इतरांच्या मते ते लहान मुलांचं खाणंच नव्हतं. शिवाय त्या दिवसातून जास्त वेळा, थोडं थोडं भरवत होत्या. मग याच आयांनी शेजारणींना सोबत घेऊन ते रांधून भरवायचं ठरलं.

मला हे एका प्रशिक्षणात कळलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण भातखाचरं आमच्याकडेही तीच. पावसाळ्यात आमच्या ओहोळांत मुठे निघतात, बारीक मासे मिळतात. बाजारात सुकट आणि जवळा मिळतो. कुडाला शेवगा असतो, परड्यात उडीद, वाल, तूर. पावसाच्या तोंडावर शेवळं, मग टाकळा, कुर्डू, लोत. मोठी माणसं हे सगळं खातात. बाळाला मात्र नुसती पेज, कारण “त्याला पचत नाही.”

आम्हीही चांगल्या वजनाच्या मुलांची घरं शोधायला लागलो. एका कातकरी घरात आई जवळा तव्यावर परतून, पाट्यावर बारीक वाटून डबीत ठेवायची आणि बाळाच्या भातात रोज चिमूट टाकायची. दुसरीकडे आजी शेवग्याचा पाला सावलीत वाळवून चुरायची. यात कुणाच्या खिशाला झळ नव्हती. पुढच्या बैठकीत मी बोलले नाही, त्या बाईला बोलायला लावलं. ती लाजली, पदराआड हसली, मग डबी उघडून दाखवली. तिचं ऐकल्यावर शेजारणी जे प्रश्न विचारतात ते मला कधी विचारत नाहीत: कुत्र्यामांजरांपासून कसं ठेवतेस, वास मारत नाही का, किती दिवस टिकतं.

याउलट पोषण महिन्यातल्या पाककृती स्पर्धा. टेबलावर मांडलेले पदार्थ सुरेख असतात, पण त्यांत काजू, मनुका, पनीर असलं काही शिरलं की पाड्यावरच्या बाईनं बघून निघून जायचं एवढंच उरतं. स्पर्धा जरूर घ्या. अट एकच ठेवा: पदार्थातली प्रत्येक वस्तू त्या पाड्यावर त्या महिन्यात मिळणारी हवी.

५. पाच रुपयांच्या पुडीशी सामना

रडणाऱ्या मुलाच्या हातात आज कुरकुरीत खाऊची पुडी दिली जाते, नाहीतर चहात बुडवलेलं बिस्किट. पाड्यावर रस्ता पोचला तशी ही पुडीही पोचली. मीठ, तेल आणि पीठ खाऊन मुलाची भूक मरते आणि जेवणाला ते तोंड लावत नाही. चहानं तर अन्नातलं लोहसुद्धा अंगी लागत नाही. “देऊ नका” एवढं सांगून हे थांबत नाही, कारण आईला त्या क्षणी हातात द्यायला काहीतरी हवं असतं. भाजलेले शेंगदाणे कुटून गुळाबरोबर केलेला लाडू मोडून, उकडलेलं रताळं, केळं, हे त्या क्षणी हाताशी असेल तरच पुडी मागे पडते. आदिवासी भागातल्या मुलांना अमृत आहार योजनेतून अंडी किंवा केळी मिळू लागली तेव्हा हा फरक मला दिसला. अंड्याच्या दिवशी अंगणवाडीत मुलांना बोलवायला जावं लागत नाही.

६. आजारपणाचे पंधरा दिवस

चांगलं चाललेलं मूल एका जुलाबात अर्धा किलो गमावतं. आषाढ-श्रावणात हे सगळ्यात जास्त घडतं. कणगीतलं धान्य संपत आलेलं, आई चिखलात, पाणी गढूळ, रस्ते तुटलेले. त्यात घरात समजूत अशी की जुलाब लागले की खाणं बंद ठेवावं.

इथे तीन गोष्टी पक्क्या सांगायच्या. दूध आणि खाणं थांबवायचं नाही. ओआरएस द्यायचं आणि झिंकची गोळी १४ दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी: सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला निम्मी. आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. ही तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. मूल बरं झालं की आमचीही भेट बंद होते, आणि नेमकं तेव्हाच त्याला भूक लागलेली असते. गेलेलं वजन भरून काढायची तीच वेळ.

भगताबद्दल लोक मला विचारतात. मूल आजारी पडलं की घर आधी भगताकडे जातं, हे खरं आहे. त्याच्याशी भांडून काही साधलं नाही. आमच्या भागातल्या एका भगताला नर्सबाईंनी दंड मोजायची रंगीत पट्टी वापरायला शिकवली. लाल रंग आला की तो स्वतःच म्हणायचा, “माझं करतो, तू आधी दवाखान्यात ने.” त्यानं पाठवलेली मुलं वेळेत पोचली.

७. आकडा आईला कळला पाहिजे, आणि खरा असला पाहिजे

दंडाची पट्टी ही मला मिळालेली सगळ्यात चांगली वस्तू. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर तो तीव्र कुपोषित, साडेअकरा ते साडेबारा मध्यम. पट्टीवर रंग असतात, अक्षर न येणाऱ्या आईलाही कळतात. ती आईच्या हातात द्या. वजनकाट्यावरचा आकडा मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये जातो आणि आईला कुणी सांगतच नाही की मागच्या महिन्यापेक्षा वाढलं की घटलं. वजन घेतल्यावर मोबाइल बाजूला ठेवून आईकडे बघा आणि सांगा. लाल पट्ट्यात जाईपर्यंत थांबूही नका. दोन महिने वजन तिथल्या तिथे राहिलं तर तीच धोक्याची खूण, मूल हिरव्यात असलं तरी.

यापुढचं बोलणं अवघड आहे, पण बोलायला हवं. तीव्र कुपोषित मुलं जास्त दिसली की वरून सेविकेला विचारणा होते: तुझ्याच अंगणवाडीत का? त्यामुळे काही ठिकाणी आकडा सावरला जातो. साडेअकराच्या आतला दंड पावणेबारा लिहिला की मूल यादीतून बाहेर पडतं, ग्राम बाल विकास केंद्रातल्या आहाराला मुकतं आणि पुढच्या महिन्यात थेट ग्रामीण रुग्णालयात दिसतं. अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे: जिथे जास्त मुलं सापडतात तिथल्या सेविकेची पाठ थोपटा. तिनं शोधली म्हणून ती सापडली.

८. वीटभट्टीवर गेलेलं मूल आपलंच आहे

दिवाळी झाली, भात झोडून झालं की पाडे रिकामे होतात. माणसं भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, काही जण वाळूच्या आणि बांधकामाच्या कामावर. मूल पाठीवर. उन्हाळ्याअखेर परत येतं तेव्हा रेघ खाली गेलेली असते. “स्थलांतरित” असा शेरा मारला की आपलं काम संपतं, आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीत त्याचं नाव नसतं. जाण्याआधी आईच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड, घरपोच आहार आणि ओआरएसची पाकिटं, आणि मुकादमाचा फोन नंबर आपल्या वहीत. नंबर असला की तिकडच्या सेविकेला कळवता येतं. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात वजन.

९. बाळाच्या आधीची आई

अठरा पूर्ण होण्याआधी लग्न, विसाव्या वर्षापर्यंत दोन बाळंतपणं, अंगात रक्त नाही, गरोदरपणातही डोक्यावर मोळी. अशा आईचं बाळ दोन किलोचं जन्मलं तर त्याचं कुपोषण आधीच सुरू झालेलं असतं. गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक पूर्ण गरम जेवण देणारी अमृत आहार योजना आदिवासी भागात २०१५ मध्ये सुरू झाली, ती माझ्या मते आजवरच्या योजनांतली सगळ्यात शहाणी. त्या बायका एकत्र बसून जेवतात, घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खात नाहीत. अडचण असते ती पैसे वेळेवर न येण्याची. किराणावाला उधारी किती दिवस देणार?

१०. पावसाळ्यात दिवसा मूल सांभाळणारं कुणीतरी हवं

वरचं सगळं करूनही एक भिंत उरते. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आई दिवसभर चिखलात असते आणि मुलाला भरवायला माणूस नसतो. त्या घरात पोषणाचा कितीही उत्तम निरोप नेला तरी तो अमलात आणायला हात शिल्लक नाहीत. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेनं सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ‘फुलवारी’ सुरू केल्या. गावातल्याच बाया दिवसभर मुलं सांभाळतात, दिवसातून काही वेळा गरम, तेल घातलेलं खाणं भरवतात. आई निश्चिंत कामावर जाते, मोठी बहीण शाळेत जाते. पुढे त्या राज्याच्या सरकारनंही हा मार्ग घेतला. कुपोषणावर मला माहीत असलेल्या उपायांत हा सगळ्यात नेमका आहे, कारण तो घास, वेळ आणि भरवणारा हात या तिन्हींची सोय एकाच ठिकाणी करतो.

आमच्या एका पाड्यावर बायांनी आपापसात पाळी लावून आवणीचा महिना असं पाळणाघर चालवलं. समाजमंदिराची पडवी, चार झोळ्या, दोन आज्या, अंगणवाडीतली डाळ-खिचडी आणि घरोघरून आलेलं तेल. त्या पावसाळ्यात तिथल्या एकाही मुलाचं वजन घटलं नाही. पुढच्या वर्षी आज्यांना मजुरी कोण देणार यावर ते अडलं.

मजुरीचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी पेसा कायद्याखालच्या क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हा त्याच्या खर्चाचा मान्य भाग आहे. तुम्ही सरपंच असाल, ग्रामसेवक असाल, पाड्यावरचे शिकलेले तरुण असाल, तर येत्या मे महिन्याच्या ग्रामसभेत हा विषय मांडा: जून ते सप्टेंबर प्रत्येक पाड्यावर एक पाळणाघर, दोन बायांची मजुरी, आणि रोजचा तांदूळ, डाळ, तेल, अंडी. ठराव लिहून घ्या आणि पहिला पाऊस पडायच्या आत सुरू करा.